धडा घडाघडा वाचते, पण नवा मजकूर समोर आला की अडते: तिसरीतल्या मुलीच्या वाचनाविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी ऐरोलीतल्या सेमी-इंग्रजी शाळेत तिसरीत शिकते. पुस्तकातला धडा ती घडाघडा वाचते, परंतु त्याच पातळीचा न पाहिलेला मजकूर दिला की दुसऱ्या ओळीतच अडखळते, अंदाजाने शब्द ठोकून देते आणि मग रडू लागते. एरवी ती बोलकी आहे, टीव्हीवर पाहिलेली गोष्ट रंगवून सांगते. पालकसभेत बाईंनी ‘घरी वाचन वाढवा’ असे सांगितले, म्हणून तुम्ही तिला रोज संध्याकाळी अर्धा तास वाचायला बसवता, आणि त्यातून वाचन सुधारण्याऐवजी घरातला ताणच वाढला आहे. आता शिकवणी लावावी का, इंग्रजीच्या फोनिक्स वर्गाला, म्हणजे अक्षरांच्या ध्वनींवरून वाचन शिकवणाऱ्या वर्गाला, घालावे का आणि यामागे काही गंभीर कारण तर नाही ना, हे तुम्ही विचारले आहे.

ठाण्यात मी बरीच वर्षे पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवले आणि सध्या वाचनात मागे पडलेल्या मुलांबरोबर काम करते. त्या अनुभवावरून सांगते की ‘वाचन वाढवा’ हा सल्ला चुकीचा नसला तरी अपुरा आहे. मुलीचे वाचन कुठल्या पायरीवर अडले आहे हे कळण्याआधीच नुसता वेळ वाढवला, तर जे जमत नाही तेच ती रोज अर्धा तास करत राहते आणि वाचन म्हणजे आपल्याला न जमणारी गोष्ट एवढेच तिच्या मनात पक्के होते. म्हणून आधी अडचण शोधावी, मग सराव ठरवावा, आणि त्यातला घराने कोणता करायचा व शाळेने कोणता, याची वाटणी करून घ्यावी.

धडा घडाघडा येण्याचे कारण बहुतेक वेळा साधे असते. वर्गात एकच धडा कित्येक दिवस चालतो. बाई वाचतात, मुले मागून म्हणतात, पुढे उत्तरे लिहितानाही तीच वाक्ये कानावर पडत राहतात. चांगल्या स्मरणशक्तीच्या मुलाला तो धडा ऐकूनच पाठ होतो आणि चित्र व पहिला शब्द दिसला की पुढचे सगळे आपोआप तोंडातून येते. हे तपासायचे असेल तर चित्र झाकून धड्याच्या मधलेच एखादे वाक्य वाचायला द्या, किंवा एकाच वाक्यातले शब्द शेवटून सुरुवातीकडे वाचायला सांगा. तिथे ती अडली, तर ती धडा वाचत नव्हती, म्हणत होती, असे समजायला हरकत नाही. यात तिची लबाडी अजिबात नाही. वर्गाबरोबर टिकून राहण्यासाठी तिने स्वतःच शोधलेला तो मार्ग आहे, त्यामुळे त्यावरून तिला बोल लावू नका.

त्यानंतर एक छोटी चाचणी घरीच करा. दुसरीच्या पातळीची, आठ-दहा वाक्यांची, तिने न पाहिलेली गोष्ट निवडा आणि ती वाचत असताना फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करा. मध्ये दुरुस्त करू नका, वही घेऊन समोर बसू नका. वाचून झाल्यावर ‘काय झालं गोष्टीत?’ एवढेच विचारा. दुसऱ्या दिवशी तेवढीच आणि तशीच दुसरी गोष्ट तुम्ही तिला वाचून दाखवा आणि तोच प्रश्न विचारा. या दोन उत्तरांतला फरक फार बोलका असतो. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडले की वाचून समजणे म्हणजे लिपी उलगडण्याचे कौशल्य आणि भाषेची समज या दोहोंचा गुणाकार आहे. गुणाकार म्हटले की एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही भक्कम असून उपयोग होत नाही. ऐकलेली गोष्ट नीट सांगता आली पण वाचलेली सांगता आली नाही, तर अडचण लिपीची आहे. अक्षरे बरोबर वाचली आणि तरीही दोन्ही गोष्टी सांगता आल्या नाहीत, तर शब्दसंग्रह आणि भाषा यांवर काम हवे. काही मुलांना दोन्हीकडे मदत लागते. तुमच्या वर्णनावरून तुमची मुलगी पहिल्या प्रकारातली वाटते, परंतु प्रत्यक्ष तिचे वाचन ऐकल्याशिवाय मी ते ठामपणे म्हणणार नाही.

परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टीही आहेत. घरात कोणती भाषा बोलली जाते याला फार महत्त्व आहे. घरी हिंदी किंवा गुजराती बोलणाऱ्या मुलाला मराठी शब्द आधी कानाने मिळायला हवेत, त्याला केवळ अक्षरांचा सराव पुरणार नाही. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या भागांत आगरी बोलणारी घरे पुष्कळ आहेत. तिथले मूल ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा आणि ‘डोळा’ हा शब्द ‘डोला’ असा वाचते, तेव्हा त्याने शब्द बरोबर ओळखलेला असतो आणि आपल्या घरच्या उच्चाराने म्हटलेला असतो. ही वाचनाची चूक मोजू नये. अशा जागी वारंवार टोकले की मूल वाचनही थांबवते आणि वर्गात बोलणेही.

आता ध्वनिमुद्रण पुन्हा ऐका आणि चुका लिहून काढा. देवनागरीत त्यांचे काही ठरलेले प्रकार दिसतात. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य अशी सारखी दिसणारी अक्षरे हा पहिला आणि तुलनेने सोपा प्रकार. स्वरचिन्हांचा दुसरा प्रकार मात्र तिसरीपर्यंत लपून राहतो. काना अक्षराच्या पुढे येतो म्हणून तो लवकर जमतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते, त्यामुळे ‘दिवस’ वाचताना डोळ्यांना वेलांटी आधी भेटते आणि तोंडाला द आधी हवा असतो. मात्रा वर असते, उकार खाली असतो. ज्या मुलाची नजर केवळ ओळीवरून सरळ धावते ते ‘खेळ’चा ‘खळ’ करते आणि ‘फुलाचा’ हा शब्द ‘फलाचा’ असा वाचते. रफार आणखी अवघड आहे: ‘सूर्य’ या शब्दात तो य च्या डोक्यावर बसतो आणि य च्या आधी उच्चारला जातो, तर ‘चक्र’मधला र अक्षराच्या खाली असून नंतर उच्चारला जातो. इतके बारकावे मोठ्या माणसाच्या लक्षातही येत नाहीत, कारण त्याच्या डोळ्यांना ते वर्षानुवर्षे सवयीचे झालेले असतात.

पालक मला आवर्जून सांगतात की बाराखडी तर हिला पाठ आहे. क, का, कि, की चालीत म्हणणाऱ्या मुलाला मधलाच ‘कौ’ दाखवला, तर ते पुष्कळदा ओठांतल्या ओठांत पुन्हा ‘क’पासून सुरुवात करून ‘कौ’पर्यंत येते. म्हणून मी बाराखडी म्हणून घेण्यापेक्षा थोड्या अक्षरांत पुष्कळ शब्द वाचून घेते. म, ल, न ही तीन अक्षरे, काना आणि दुसरी वेलांटी एवढ्या सामग्रीवर माल, लाल, मान, मामा, मामी, नाना, लीला, मीना असे शब्द होतात. ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून, चाल लागू नये म्हणून क्रम बदलून वाचायला द्यावेत. सात-आठ दिवसांनी एक नवे अक्षर आणि एक नवे चिन्ह वाढवावे. तिसरीतल्या मुलीला हे लहान मुलांचे काम वाटू नये म्हणून चिठ्ठ्या तिच्याकडूनच तयार करून घ्या आणि त्यांतले शब्द वापरून तुम्हाला वाक्य सांगायला लावा.

एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. मराठीत लिहिलेला प्रत्येक ‘अ’ उच्चारला जात नाही. ‘करवत’ आपण ‘कर्वत्’ असे म्हणतो, पण सुटी अक्षरे वाचणारे मूल क, र, व, त असे चार पूर्ण उच्चार करते आणि ते जोडून काहीच ओळखीचे तयार होत नाही. करवत हा शब्द तिने आधी ऐकलेला असेल, तर क्षणभर थांबून ती स्वतःच उच्चार बदलते आणि तिचा चेहरा उजळतो. ऐकलेलाच नसेल, तर तिथे अक्षरज्ञान असूनही वाचन थांबते. घरातल्या गप्पा, आजीने सांगितलेल्या गोष्टी, तुम्ही वाचून दाखवलेले पुस्तक यांचा लिपीच्या वाचनाशी असा थेट संबंध आहे, आणि म्हणूनच त्यांना मी वेळ घालवणे मानत नाही.

ऐरोलीत राहता, तर या सरावाचे एक उत्तम साधन तुमच्या रोजच्या वाटेवर आहे. ठाण्याहून वाशीकडे जाताना ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा ही नावे फलाटांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असतात. ‘तुर्भे’मध्ये उकार, रफार आणि मात्रा हे तिन्ही आहेत. ‘कोपरखैरणे’ हे सहा अक्षरांचे नाव को, पर, खैर, णे अशा चार तुकड्यांत बोलले जाते. ठाण्याच्या पुढे गेलात तर ‘मुंब्रा’मध्ये अनुस्वार आणि खालचा र एकत्र भेटतात, आणि ‘दिवा’मध्ये ती अडचणीची पहिली वेलांटी. ही नावे मुलीच्या तोंडात आधीपासून आहेत, त्यामुळे वाचताना चूक झाली तर ती तिला स्वतःच पकडता येते. मी मुलांना स्थानकांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून त्यांचा क्रम लावायला देते आणि मग एकेका नावातले चिन्ह बोटाने दाखवायला सांगते. मात्र प्रत्यक्ष प्रवासात प्रत्येक पाटीवर परीक्षा घेऊ नका. एखादी पाटी तुम्ही वाचा, एखादी तिला वाचू द्या.

तिसरीत आणखी एक अडथळा येतो आणि तो खास आपल्या भाषेचा आहे. ‘पाणी’ ओळखणारे मूल ‘पाण्यात’ या शब्दाशी अडते, ‘रस्ता’ ओळखणारे ‘रस्त्यावरून’ या शब्दाशी थबकते. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडली गेली की मूळ शब्दाचे रूप बदलते, कधी त्यात नवे जोडाक्षर येते, आणि शब्द इतका लांबतो की कुठे तोडावा हे कळत नाही. यावर मी एकाखाली एक ओळी लिहून देते: घर, घरा, घरासमोर, घरासमोरचा, घरासमोरच्या. प्रत्येक ओळ वाचायची आणि शेवटच्या रूपाचे एक वाक्य करायचे. रोज असे दोन शब्द घेतले तरी महिन्याभरात लांब शब्दांची भीती बरीच कमी होते. शब्द तिच्याच पुस्तकातले निवडा, म्हणजे वर्गातही त्याचा लगेच उपयोग होतो.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, आधी पाठांतर आणि वाचन वेगळे करून पाहा, मग ऐकून समजणे आणि वाचून समजणे यांची तुलना करा, मग चुकांचा प्रकार ओळखा. यानंतरच रोज काय करायचे हे ठरते.

घरी अर्ध्या तासाऐवजी पंधरा मिनिटे ठेवा आणि ती शक्यतो दिवसभराच्या थकव्यानंतरची नसावीत. पहिली पाच मिनिटे काल वाचलेला मजकूर पुन्हा वाचायचा. ओळखीचा मजकूर मोठ्याने, कोणाच्या तरी सोबतीने पुनःपुन्हा वाचल्याने ओघ येतो, हे अमेरिकेतील नॅशनल रीडिंग पॅनेलच्या २००० सालच्या अहवालातही नोंदवले आहे आणि माझ्याकडच्या मुलांतही मला तेच दिसते. येथे कदाचित तुम्हाला शंका येईल की हे पुन्हा पाठांतरच झाले. फरक असा की या वेळी तिची नजर आणि बोट शब्दाबरोबर पुढे सरकत आहे ना, हे तुम्ही पाहत असता. पुढची पाच मिनिटे नवे: तिच्या चुकांतून निवडलेले पाच-सहा शब्द आणि ते ज्यांत येतात अशी चार वाक्ये. शेवटची पाच मिनिटे तुम्ही वाचायचे आणि तिने ऐकायचे, आणि हे पुस्तक तिच्या वाचनाच्या पातळीपेक्षा वरचे असले तरी चालेल. ही शेवटची पाच मिनिटे शिक्षा म्हणून कधीही काढून घेऊ नका. तिला गोष्टींची आवड आहे, ती याच वेळेमुळे टिकून राहील.

ती अडली की काय करायचे, यावर सगळ्यांत जास्त अवलंबून आहे. मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प बसा, कारण पुष्कळदा तेवढ्यात तिचे तिलाच सुचते. नाही सुचले, तर उरलेला शब्द बोटाने झाकून एकेक अक्षर उघडत न्या. तरीही नाही जमले तर शब्द सांगून टाका आणि पुढे जा. ‘चित्र बघ आणि ओळख’ असे मात्र सांगू नका. तिला अंदाज करण्याची सवय आधीच आहे, आणि तीच आपल्याला सोडवायची आहे. धाकट्या भावंडासमोर किंवा पाहुण्यांसमोर वाचायला लावणेही काही महिने टाळा.

पुस्तक निवडताना माझा ठोकताळा असा असतो की पानावर पाचपेक्षा जास्त शब्दांशी मूल अडले, तर ते पुस्तक सध्या त्याला वाचून दाखवण्याचे आहे, त्याने स्वतः वाचण्याचे नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि त्या विनामूल्य आहेत. तिसरीतल्या मुलीला पहिल्या पातळीपासून सुरुवात करायला लागली तरी संकोच नको. वाचून दाखवण्यासाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक फार उपयोगी पडतात, ते १९७१ पासून निघते आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचे आहे, आणि ऐरोलीहून ते काही लांब नाही. कुठल्याही ग्रंथालयात गेलात तरी पुस्तक तिने निवडावे आणि ते न आवडल्यास अर्धवट परत करण्याची तिला मुभा असावी.

शाळेकडे जाताना तक्रार घेऊन न जाता ध्वनिमुद्रण आणि चुकांची यादी घेऊन जा. बाईंसमोर चाळीसेक मुले असतात, प्रत्येकाचे न पाहिलेल्या मजकुराचे वाचन ऐकायला त्यांना सवड मिळतेच असे नाही, त्यामुळे अशी नेमकी माहिती त्यांना हवीच असते. त्यांना दोन गोष्टींची विनंती करा. वर्गात मोठ्याने वाचायचा परिच्छेद तिला आदल्या दिवशी कळावा, म्हणजे ती तयारी करून येईल. आणि वर्गात वाचनाचे गट करता येत असतील, तर तिला इयत्तेप्रमाणे न बसवता पातळीप्रमाणे बसवावे. ‘प्रथम’ संस्थेने अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांनी मुलांची पातळी पाहून त्याप्रमाणे शिकवण्याची पद्धत अनेक वर्षे वापरली आहे, आणि ती कुठल्याही शाळेला दिवसातल्या एका तासिकेपुरती अमलात आणता येते.

शाळेत तुम्हाला वाचनाच्या वेगाचा आकडाही सांगितला जाईल. लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत असे उद्दिष्ट आहे. दिशा म्हणून ते योग्य आहे, परंतु घरी घड्याळ लावून बसू नका. वेगाच्या धास्तीने मूल पुन्हा अंदाजावर जाते. चिन्हांच्या चुका कमी झाल्या की वेग मागोमाग येतो.

फोनिक्सच्या वर्गाविषयी माझे मत असे की सध्या थांबावे. शब्द ध्वनींत तोडण्याचे भान एका भाषेत आले की दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते हे खरे, पण इंग्रजीत एकाच अक्षराचे उच्चार अनेक, आणि मराठीत चिन्ह व उच्चार यांचे नाते बरेच नेमके. जी भाषा ती घरी बोलते आणि जिची लिपी अधिक नियमित आहे, तिच्यातले वाचन आधी स्थिर झाले तर इंग्रजीचे ओझे हलके होते. मूल इंग्रजी माध्यमाचे असते आणि सगळे विषय त्याला इंग्रजीतूनच वाचावे लागत असते, तर मी दोन्ही बरोबरीने घ्यायला सांगितले असते.

गंभीर काही आहे का, यासाठी सर्वांत आधी डोळे आणि कान तपासून घ्या. चष्म्याची गरज असूनही न सांगणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यानंतर नियमित सराव करूनही तीन-चार महिन्यांत चुकांचे स्वरूप तसेच राहिले, आज पक्के झालेले अक्षर उद्या पुन्हा नवे वाटू लागले, लिहितानाही तीच चिन्हे गळत राहिली किंवा घरात आणखी कोणाला लहानपणी वाचनाचा त्रास होता असे आढळले, तर तपासणी करून घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात सतत येणाऱ्या अडचणीचा, समावेश आहे, आणि तिची औपचारिक तपासणी साधारणपणे आठव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे तिसरीतच, सुरू करता येते. ती मुलीच्या शिक्षणाच्या भाषेतही व्हावी असा आग्रह धरा. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात मराठीचा समावेश आहे. निदान झालेच, तरी वर सांगितलेला सराव बदलत नाही, तो अधिक सावकाश आणि अधिक नेमका करावा लागतो, आणि पुढे परीक्षेत वाढीव वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. ‘आळशी आहे’ असे तिच्याविषयी कोणी म्हणत असेल, घरातले असोत वा बाहेरचे, तर ते आजच थांबवा.

राहिला शिकवणीचा प्रश्न. बहुतेक शिकवण्यांमध्ये गृहपाठ पूर्ण करून घेतला जातो आणि वाचन त्यात सहसा नसते. तुम्हा दोघांच्या कामाच्या वेळांमुळे घरी पंधरा मिनिटेही निघत नसतील, तर मदत जरूर घ्या, पण आधी एक दिवस तिथे बसून मुले स्वतः किती वाचतात आणि अडल्यावर त्यांना काय सांगितले जाते ते पाहा. वेळ निघत असेल, तर दोन महिने घरीच करून बघा. दर पंधरा दिवसांनी एक नवा मजकूर ध्वनिमुद्रित करा आणि पहिल्याशी ताडून पाहा. पहिल्या ध्वनिमुद्रणातल्या चुकांची यादी तयार झाली की मला कळवा, म्हणजे कोणत्या चिन्हांपासून सुरुवात करायची हे आपण त्यावरून ठरवू.